खुलं पत्र: माकोंडे शिल्पांवरची ‘कलाकार अज्ञात’ ही पाटी काढा

मा. अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य आणि संचालक महोदय,

स.न.वि.वि.

पत्र तुम्हालाच आहे पण उघड लिहितेय, कारण आधीच्या पत्रांना आणि ईमेलना तुमच्याकडून पोच सुद्धा आली नाही. संग्रहालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाहीये. तुमची बदनामी करायची नाहीये मला, लहानपणी शाळेच्या सहलीतून मी याच वास्तूत पहिल्यांदा आले होते आणि आजही तिच्याबद्दल मला प्रेम आहे. पत्र तुमचं आहे हे तुम्हाला कळेल, बाकीच्यांना विषय कळला तरी पुरे.

विषय असा की तुमच्या मागच्या बैठकीत ठराव झाला, पहिल्या मजल्यावरचं ‘आफ्रिका’ लिहिलेलं कपाट रिकामं करायचं. त्यातली काळ्या लाकडाची मोठी शिल्पं खालच्या हॉलच्या लॉबीत शोभेला ठेवायची, जो हॉल तुम्ही आता लग्नांना आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांना भाड्याने देणार आहात, लहान शिल्पं स्टोअररूममध्ये, आणि ‘गरज नसलेल्या वस्तूंची योग्य ती विल्हेवाट’. ही शेवटची ओळ वाचली आणि मला रात्रभर झोप लागली नाही. ही शिल्पं माझ्या वडिलांनी तुम्हाला दिलेली आहेत.

बाबा सत्तरच्या दशकात टांझानियात होते, दार-एस-सलामला एका कापड गिरणीत अकाउंट्स बघायचे. पगार बेताचा, आई इकडे आजीआजोबांना सांभाळत. सुट्टीच्या दिवशी बाकीचे लोक बीचवर नाहीतर पत्ते खेळायला जायचे, बाबा शहराबाहेर झाडांच्या सावलीत बसणाऱ्या, लाकूड कोरणाऱ्या माकोंडे जमातीच्या कारागिरांकडे जाऊन बसायचे. आमच्या आजोबांचं सुतारकाम होतं त्यामुळे वाकस आणि पटाशी चालवणारा हात बघितला की बाबांचा पाय तिथून निघत नसे. तिथे त्यांना मोडकं तोडकं स्वाहिली बोलता यायला लागलं आणि महिन्याला थोडे थोडे शिलिंग बाजूला टाकून ते शिल्पं घ्यायला लागले. आणि अकाउंटंट माणूस, प्रत्येक शिल्प घेतलं की वहीत नोंद. कोणी कोरलं, तो टांझानिया-मोझांबिकच्या सीमेवरच्या रुवुमा नदीच्या अलीकडचा की पलीकडचा, गाव कुठलं, किती शिलिंग दिले, कोरणाऱ्याने त्याबद्दल काय सांगितलं. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळी शिल्पं तुमच्याकडे दिली, आईचा जीव होता त्यात तरी दिली, म्हणाले घरात चार पाहुणे बघणार, तिथे शाळेतली पोरं बघतील. सोबत वहीची नीट टाईप केलेली प्रत दिली. तुमच्या सहीशिक्क्याची पावती माझ्याकडे आहे, तिच्यावर ‘शिल्पे व नोंदवही प्रत’ असं स्पष्ट लिहिलंय.

बाबा गेले. त्यानंतर मी मुलीला घेऊन शिल्पं दाखवायला आले तेव्हा कपाटावर एकच पाटी होती. ‘आफ्रिका. आदिवासी हस्तकला. काष्ठमूर्ती, पूजाविधीसाठी. अंदाजे १९ वे शतक. कलाकार अज्ञात.’ एवढ्याशा पाटीत एकही गोष्ट बरोबर नाही, आणि ती पाटी अजून तशीच आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून सांगते, थोडं लांबेल, पण तुमच्याकडे हे सांगायला कोणी नसेल तर कोणीतरी सांगायला हवंच ना.

पहिली आणि सगळ्यात मोठी, ‘कलाकार अज्ञात’. अज्ञात कसे? वहीत प्रत्येकाचं नाव आहे. ती नावं मी इथे टाकत नाहीये कारण त्यांच्या घरच्यांना न विचारता इंटरनेटवर टाकणं मला पटत नाही, पण तुमच्या फाइलमध्ये ती आहेत. आणि ही काही फक्त आमच्या वहीची गोष्ट नाहीये. माकोंडे लोकांची ही आजची शैली कोणाकोणाच्या हातून आली तेही जगाला माहितीये. १९५० च्या दशकात दार-एस-सलाममध्ये सामाकी लिकानकोआ नावाच्या कारागिराने ‘शेतानी’ शैलीची सुरुवात केली, म्हणजे आत्म्यांच्या आकृत्या, ज्यात माणसाचं शरीर पिळून, ताणून, पोकळ करून पार वेगळंच केलेलं असतं. रोबेर्तो याकोबो सांग्वानी मोझांबिकमधून आला आणि त्याने एकाच ओंडक्यात एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या माणसांचा खांब कोरायला घेतला, सुरुवातीला विषय होता कुस्ती जिंकलेल्या पैलवानाला उचलून धरणारे त्याचे साथीदार. पुढे १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या ‘उजामा’ म्हणजे एका कुटुंबासारखं एकत्र राहण्याच्या धोरणाचा बोलबाला झाला तसं लोक त्या खांबांनाच उजामा म्हणायला लागले. तुमच्या कपाटात डावीकडे जो उंच खांब आहे ना, ज्यावर शाळेची मुलं माणसं मोजत बसतात, तो त्याच परंपरेतला आहे.

जॉर्ज लिलांगाचं नाव घेते. १९३४ चा जन्म, २००५ ला वारला. दार-एस-सलामच्या न्युम्बा या सानाआ या कलाकेंद्रात तो सुरुवातीला रात्रीचा वॉचमन होता, तिथूनच त्याची चित्रं आणि रंगवलेली लाकडी शेतानी जगभर गेली. जॉन फुंदी हा दुसरा. १९८९ साली पॅरिसला जगभरातल्या कलाकारांचं एक मोठं प्रदर्शन झालं त्यात त्याची काळ्या लाकडाची शिल्पं होती, त्याच्या नावाने. आता हे नीट वाचा, त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे पण होते. वारली चित्रकलेला सुद्धा किती वर्षं ‘आदिवासी डिझाइन’ म्हणून कोणीही कपावर, पडद्यावर, रिसॉर्टच्या भिंतीवर छापत होतं, काढणाऱ्याचं नाव कोणी विचारत नव्हतं, मग म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली आणि आपण अभिमानाने सांगायला लागलो की ते आपले. जिव्या सोमा म्हसेंच्या चित्राखाली उद्या कोणी परदेशातल्या संग्रहालयात ‘आशिया, कलाकार अज्ञात’ लिहिलं तर तुम्हीच पहिले निषेधाचं पत्र पाठवाल, आणि पाठवायलाच हवं.

बाकी आफ्रिकेतही तेच आहे. नायजेरियात योरुबा लोकांमधला ओलोवे नावाचा कोरीव काम करणारा, इसे गावचा, १९३८ ला वारला, त्याने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेला दरवाजा १९२४ ला लंडनच्या प्रदर्शनाला गेला आणि ब्रिटिश म्युझियमने ठेवून घेतला. त्याच्या गावात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. ‘अज्ञात’ हा शब्द बहुतेक वेळा एवढंच सांगतो की घेणाऱ्याने विचारलं नाही. बाबांनी विचारलं होतं, लिहून ठेवलं होतं, तुम्हाला दिलं होतं.

दुसरी तक्रार १९ व्या शतकाची. ही शिल्पं बाबांच्या डोळ्यासमोर कोरली गेली, काही तर कोरून होईपर्यंत ते शेजारी बसून राहायचे. १९ व्या शतकात ही शैलीच नव्हती. ती का आली हे कळलं तर तुमच्या पाटीपेक्षा कितीतरी चांगली गोष्ट मुलांना सांगता येईल. माकोंडे लोक रुवुमाच्या दोन्ही बाजूंना राहतात, दक्षिणेला मोझांबिकचं मुएडा पठार, उत्तरेला टांझानियात नेवाला, म्तवारा तो भाग. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज होते, सक्तीची मजुरी होती, त्यामुळे हजारो माणसं नदी ओलांडून टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, सिसल या दोरखंडाच्या तागासारख्या पिकाच्या मळ्यांवर कामाला आली, त्यातलीच काही दार-एस-सलामला पोचली. १६ जून १९६० ला मुएडात जमलेल्या लोकांवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. दोन वर्षांनी दार-एस-सलाममध्ये फ्रेलिमो या मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेची स्थापना झाली, १९६४ ला सशस्त्र लढा सुरू झाला, १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं. बाबांच्या वहीतले अर्धे कारागीर हे त्या काळात घर सोडून आलेले आहेत. म्हणजे ही कला विस्थापित माणसांनी शहरात, नव्या गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या डोक्याने उभी केलेली आधुनिक कला आहे. आपल्या गोव्याची मुक्ती १९६१ ची, तेच पोर्तुगीज, तोच काळ. एवढा जवळचा धागा असताना तुमची पाटी लोकांना उगाच शंभर दीडशे वर्षं मागे नेते.

यात आपल्या लोकांचाही हात आहे, चांगला आणि वाईट दोन्ही. मोहमद पीरा नावाचे भारतीय वंशाचे व्यापारी दार-एस-सलामला होते, त्यांनी माकोंडे कारागिरांना बसायला जागा दिली, लाकूड दिलं, सामाकीच्या नव्या विचित्र आकृत्यांना प्रोत्साहन देऊन त्या विकायला ठेवल्या. आणि दुसरीकडे असेही दुकानदार होते जे कारागिराला किरकोळ पैसे टेकवून पर्यटकाला कितीतरी पटीने विकायचे, बाबांनी हे बघितलेलं होतं आणि त्यांना ते लागायचं. हा इतिहास आपल्या संग्रहालयाने सांगायला हवा, कारण तो आपलाही आहे.

तिसरी तक्रार ‘पूजाविधीसाठी’ या शब्दाची. शेतानी शिल्पं कोणी पूजेला लावत नाही. ती विकण्यासाठी, दाखवण्यासाठी कोरलेली आहेत. विषय आत्म्यांचा आहे, लोकांच्या गोष्टींमधला, भीतीमधला, पण म्हणून वस्तू पूजेची होत नाही. ज्या वस्तू खरोखर विधीत असतात ते म्हणजे मापिको मुखवटे आणि ते या शिल्पांसारखे अजिबात नसतात. हलक्या, मऊ लाकडाचे, डोक्यात टोपासारखे घालायचे, खरे केस चिकटवलेले, चेहऱ्यावरचं गोंदण मेणाने उठवलेलं, आणि नाचणारा माणूस मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून बाहेर बघतो. मुलं मोठी झाली की वयात आल्याच्या सोहळ्यात ते नाचतात. असा एक मुखवटा १९८४ ला दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून चोरीला गेला, जिनिव्हाच्या एका खासगी संग्रहालयात सापडला आणि परत मिळायला २०१० साल उजाडलं. एका मुखवट्यासाठी ते लोक इतकी वर्षं झगडले. तुमच्या कपाटात मुखवटा एकही नाही, बाबांनी कधी घेतला नाही, विधीतली वस्तू आपण घ्यायची नसते हे त्यांना तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनीच सांगितलं होतं. आणि त्याच माणसाच्या देणगीवर तुम्ही ‘पूजाविधीसाठी’ लिहिलंत.

चौथी तक्रार तुमच्या गाईडबद्दल आहे, म्हणजे गाईड मुलाबद्दल नाही, त्याला जो कागद दिलाय त्याबद्दल. त्यात वाक्य आहे की ‘या लोकांना शरीराच्या प्रमाणाचे ज्ञान नसल्याने आकृत्या बेढब वाटतात’. हे ऐकून मी तिथेच त्या मुलाला थांबवलं आणि कपाटाच्या खालच्या फळीवरची म्हातारीची मूर्ती दाखवली. गुडघ्यावर कोपर टेकून बसलेली, वरच्या ओठात माकोंडे बायका घालायच्या ती चकती, मानेच्या शिरा, पायाच्या टाचेला पडलेल्या भेगा, सगळं जसंच्या तसं. ही ‘बिनादामु’ प्रकारातली, म्हणजे रोजच्या जगण्यातली माणसं. वही बघा, ही म्हातारी आणि वरच्या फळीवरचं ते एका डोळ्याचं शेतानी एकाच माणसाने कोरलंय, एकाच पावसाळ्यात. ज्याला टाचेच्या भेगा कोरता येतात त्याला शरीराचं प्रमाण कळत नाही?

त्या शेतानीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या इमारतीत त्याच्या तोडीची लाकडातली वस्तू नाही. हातभर उंच आहे. डोळा एकच, मोठा, आणि तो कपाळावर नाही, गालाच्या कडेला सरकलाय. तोंड उघडं आहे, त्यातून जीभ बाहेर येते, खाली उतरते, आणि उतरता उतरता कधी तिचा हात झाला ते कळत नाही, त्या हाताची बोटं स्वतःच्याच टाचेला घट्ट धरतात. पोटाच्या जागी आरपार मोकळी जागा आहे. समोरून बघितलं तर ते घाबरवतं, डावीकडून बघितलं तर ते स्वतःच घाबरून अंग चोरून बसलंय असं दिसतं, आणि भिंतीला पाठ लावून ठेवलंय म्हणून मागची बाजू तुमच्याकडे कोणी बघितलेलीच नाही. पाठीला कणा आहे, आणि कण्यावर वरपासून खालपर्यंत फिक्या पिवळट लाकडाची एक अरुंद पट्टी होती. होती म्हणते कारण आता नाही.

ही पाचवी तक्रार आणि हिच्यामुळे मला सगळ्यात जास्त राग आलाय. हे लाकूड म्पिंगो, आपल्या शिसमाच्या आणि शिसवीच्याच कुळातलं, डालबर्जिया. बाहेरचं लाकूड फिकट पिवळं आणि आतला गाभा जांभळट काळा, इतका जड की पाण्यात टाकला तर बुडतो. क्लॅरिनेट आणि ओबो याच लाकडाचे करतात. झाड वाढायला अतिशय हळू, कापण्याजोगं व्हायला सत्तर वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. खोड सहसा वेडंवाकडं, मध्ये पोकळ, त्यामुळे कारागीर आधी कागदावर चित्र काढून बसत नाही, ओंडका फिरवून फिरवून बघतो, गाठ कुठे आहे, वळण कुठे आहे, पोकळी कुठे जाते, आणि आकृती त्या वळणाने जाते. शेतानीचं ते पिळलेलं अंग अर्धं कारागिराच्या डोक्यातलं आणि अर्धं त्या झाडाचं असतं. आणि चांगला कारागीर बाहेरच्या फिकट लाकडाचा एखादा भाग मुद्दाम ठेवतो, कुठे केस म्हणून, कुठे कडा म्हणून, इथे कणा म्हणून. बाबांच्या वहीत हे शेतानी कोरणाऱ्याचं वाक्य आहे की हाड आतून दिसलं पाहिजे म्हणून पांढरं ठेवलं.

तुम्ही सगळ्या शिल्पांना काळं पॉलिश मारलंत. बहुधा उद्घाटनाच्या आधी, चकचकीत दिसावं म्हणून. कणा गेला. म्हातारीच्या टाचेच्या भेगांमध्ये पॉलिश भरलं. आणि यात अजून एक गोष्ट आहे जी बाजार माहिती असलेला कोणीही सांगेल, पर्यटकांना फसवायला साध्या हलक्या लाकडाच्या मूर्तींना बूट पॉलिश फासून ‘एबनी’ म्हणून विकतात, आणि घेणारा हुशार असेल तर तो फिकट लाकूड कुठे दिसतंय का ते शोधतो, कारण ती अस्सलपणाची एक खूण असते. म्हणजे तुम्ही अस्सल वस्तूवर नकली वस्तूचा मेकअप चढवलात. कोणी सांगितलं हे करायला, कोणाला विचारलंत, संवर्धनाचं शिक्षण घेतलेला माणूस तेव्हा तिथे होता का, याचं उत्तर मला हवंय.

सहावी, तडे. उजामाच्या खांबाला तळाशी तडा गेलाय, आधी नव्हता, देणगीच्या वेळचे फोटो आहेत माझ्याकडे. म्पिंगो कणखर असलं तरी हवेतला ओलावा एकदम कमी जास्त झाला की ते फुटतं. तुमच्या कपाटावर थेट एसीचा झोत आणि वरून गरम स्पॉटलाइट, संध्याकाळी दोन्ही बंद, मग पावसाळ्याची दमट हवा, सकाळी परत चालू. आता हाच खांब तुम्ही लग्नाच्या लॉबीत नेणार, जिथे दार सारखं उघडंबंद होणार, हळदीकुंकू, फुलं, अत्तराचे फवारे, लहान मुलं, केटरर्सची ये-जा. लग्नं व्हावीत, हॉल भाड्याने द्यावा, संस्थेला पैसा लागतो हे मला कळतं, पगार द्यायचे असतात, छत गळतं. पण त्यासाठी शिल्पं कशाला हवीत लॉबीत? कुंड्या ठेवा ना.

‘आफ्रिका’ या एका शब्दाबद्दल फार लिहीत नाही. टांझानिया लिहा, मोझांबिक लिहा, माकोंडे लिहा. तिथल्या म्तवाराचा कच्चा काजू आपल्याकडच्या काजू कारखान्यांत येतो, त्या पोत्यावर देशाचं नाव असतं, शिल्पावर का नको.

माकोंडे लोक त्यांच्या पहिल्या आईची गोष्ट सांगतात ती बाबा आम्हाला झोपताना सांगायचे. सुरुवातीला एकच जीव होता, एकटा, अजून धड माणूस न झालेला. त्याने लाकडाची एक बाई कोरली आणि उभी करून ठेवली, आणि ती जिवंत झाली. नदीकाठी त्यांना मूल झालं ते गेलं, दुसरं झालं तेही गेलं, मग ते वर पठारावर राहायला गेले आणि तिसरं जगलं. ज्या लोकांच्या गोष्टीत माणसाची आईच कोरलेल्या लाकडातून येते त्यांच्या कोरीव कामाला तुम्ही शोभेची वस्तू ठरवून मोकळे होताय, हे मला मान्य नाही.

तर माझ्या मागण्या.

ठराव मागे घ्या. शिल्पं लॉबीत जाणार नाहीत आणि कोणत्याही शिल्पाची विल्हेवाट, विक्री, भेट, अदलाबदल काहीही होणार नाही असं लेखी द्या. देणगीच्या कागदात शिल्पं ‘कायमस्वरूपी सार्वजनिक प्रदर्शनासाठी’ दिली असं लिहिलंय, ते तुमच्या वकिलांनाही दाखवा. विक्रीचा विचार असेलच तर हेही लक्षात घ्या की डालबर्जियाच्या सगळ्या जाती २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली आहेत, देशाबाहेर पाठवायचं झालं तर त्याचे नियम आधी बघावे लागतील.

पाटी काढा आणि नवीन लावा. प्रत्येक शिल्पाला वेगळी. कारागिराचं नाव, जन्मगाव वहीत असेल तर ते, कुठे आणि कधी कोरलं, लाकूड कुठलं, शैली कुठली. नावं लावण्याआधी घरच्यांना कळवायचा प्रयत्न करा. त्यातल्या काहींची मुलं बापाचीच पटाशी चालवतात, दार-एस-सलामच्या म्वेंगे भागात कारागिरांचा मोठा बाजार आहे तिथे, मी संपर्क करून देईन, स्वाहिली पत्रव्यवहार मी बघेन. पाट्या मराठीत आधी, मग इंग्रजीत, आणि एक ओळ स्वाहिलीत.

गाईडचा कागद रद्द करा. नवीन मजकूर मी लिहून देते, फुकट, हवं तर इतिहासाच्या आणि कलेच्या जाणकारांकडून तपासून घ्या, तपासाच.

पॉलिश प्रशिक्षित संवर्धकाकडून काढून घ्या. शिपायाला टर्पेंटाइन आणि फडकं देऊन नाही, हे कृपा करून ठळक लिहून घ्या, नाहीतर उरलेलं पण जाईल. आधी एका लहान शिल्पावर बघू दे, जमत नसेल तर जसं आहे तसं राहू दे आणि पाटीवर खरं लिहा की हे पॉलिश संग्रहालयाने नंतर चढवलेलं आहे. खर्चाचा काही भाग आम्ही भावंडं उचलायला तयार आहोत.

कपाटावरचा एसीचा झोत वळवा, दिवे बदला, आत ओलावा मोजायचं साधं यंत्र ठेवा. आणि शेतानी भिंतीपासून पुढे घ्या म्हणजे लोकांना चारी बाजूंनी फिरून बघता येईल, ते तसंच बघण्यासाठी कोरलेलं आहे.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, जागा नाही, पैसा नाही, इच्छा नाही, तर शिल्पं आम्हाला परत करा. आम्ही ती घरात ठेवणार नाही, जिथे नावानिशी मांडली जातील अशी जागा शोधू, महाराष्ट्रात नाही मिळाली तर दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयाला विचारू.

वाचणाऱ्यांना एक विनंती, संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना फोन करून त्रास देऊ नका, शिव्या तर अजिबात नकोत, तिथले साधे लोक चांगले आहेत आणि हा ठराव त्यांनी केलेला नाही. तुमच्या गावच्या संग्रहालयात कुठे ‘अज्ञात’ लिहिलेलं दिसलं तर मात्र फाइल बघायला मागा.

विश्वस्तांना, पुढच्या बैठकीची तारीख मला कळवा. मूळ वही, देणगीची पावती आणि तेव्हाचे फोटो घेऊन मी येते, माझ्यासाठी दहा मिनिटं ठेवा. उत्तर लेखी हवंय, या महिनाअखेरपर्यंत.

आपली,
देणगीदारांची मुलगी